युडायमोनिया म्हणजे नुसता आनंद नव्हे

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानात चांगल्या, सफल आयुष्याला 'युडायमोनिया' म्हणतात. 'युडायमोनिया म्हणजे शेवटी आनंदच, नाव तेवढं ग्रीक' असं कुणी म्हटलं, की तिथे माझं जरा अडतं. आनंद सकाळी असतो, दुपारी वीज गेली की संपतो. युडायमोनिया हा अख्ख्या आयुष्याचा निवाडा आहे. म्हणूनच ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या मते लहान मूल 'युडायमोन' (युडायमोनिया लाभलेलं) असू शकत नाही, कितीही खिदळत असलं तरी.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली एक गोष्ट आहे. लिडियाचा (आजच्या तुर्कस्तानातलं एक प्राचीन राज्य) गडगंज राजा क्रिसस अथेन्सच्या सोलोन या शहाण्या कायदेकर्त्याला विचारतो, सगळ्यात सुखी कोण? आपलंच नाव येणार या खात्रीने. सोलोन नाव घेतो अथेन्सच्या टेल्लसचं: मुलं गुणी, नातवंडं पाहिली, आणि शत्रूला पळवून लावून रणांगणावरच मरण. (तारखा पाहता ही भेट झालीच नसावी, पण ते असो.)

माणूस सुखी की नाही याचा निकाल तो मेल्यावरच लावायचा, हे सोलोनचं म्हणणं ॲरिस्टॉटलला पुरतं पटत नाही. मात्र सद्गुण असला की भागलं, असंही तो म्हणत नाही. ट्रॉयचा राजा प्रायम याने म्हातारपणी युद्धात मुलं आणि शहर गमावलं; तशी एखाद्याची वाताहत झाली, तर त्याला युडायमोन कोण म्हणेल? स्टोइक या दुसऱ्या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाला मात्र सद्गुण पुरेसा वाटतो. मला इथे ॲरिस्टॉटलच जास्त प्रामाणिक वाटतो.