मदत हवी आहे: पायरेट्सनी (पिट्सबर्गची बेसबॉल टीम) आधी बॅटर आणावेत की स्टार्टिंग पिचर (मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकणारा)?

पिट्सबर्गला राहतो, बेसबॉलचं पार वेड लागलंय. आपला पिचर पॉल स्कीन्सने 2025 ला साय यंग अवॉर्ड (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळतं ते) मिळवलं, ईआरए (दर 9 इनिंग्जमागे पिचरच्या खात्यात पडणारे रन, जितके कमी तितकं चांगलं) 1.97, पण रेकॉर्ड 10-10, म्हणजे 10 विजय, 10 पराभव, कारण आपले बॅटर रन्सच काढत नाहीत! त्याच वर्षी मे महिन्यात फिलीज टीमविरुद्ध पठ्ठ्याने 8 इनिंग्ज एकट्याने टाकल्या, रन दिला एकच आणि तरी आपण 1-0 ने हरलो, जीव तुटला अक्षरशः. मला वाटतं बॅटरच आणा, तो रोज खेळतो, स्टार्टर पाच दिवसांतून एकदा. पण मित्र म्हणतो पिचरचं कोपर कधी जाईल नेम नाही, आपल्याच पिचर जॅरेड जोन्सचं झालंच ना तसं, त्यामुळे स्टार्टर कितीही असले तरी कमीच. मग एखादा तरुण पिचर दुसऱ्या टीमला देऊन बॅटर घेणं कितपत बरोबर? जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा ना.