रांगत्या बाळासाठी गावाकडचे घर: आधी जमीन, की आधी चूल?

डोंगरकाठ:
अकोले तालुक्यातील आमच्या गावी धाकट्या भावाचे मातीच्या भिंतींचे कौलारू घर आहे. माजघराची जमीन शेणाने सारवलेली असून गोठा घराला लागूनच, मध्ये केवळ कुडाचा आडोसा घालून, केलेला आहे. पुतणी नऊ महिन्यांची आहे. ती दिवसभर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. पावसाळा सुरू झाल्यापासून तिला वरचेवर जुलाब होतात आणि खोकला तर हटतच नाही. घरात गॅस आहे, परंतु भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. नवे घर बांधण्याची सध्या ऐपत नाही. साठ-सत्तर हजार रुपये उभे करता येतील. भावाला कौले उतरवून पत्रे घालायचे आहेत, तर वडिलांना दर्शनी भिंत विटांची हवी आहे. मुलीच्या प्रकृतीचा विचार करता यांपैकी, किंवा यांखेरीज, कोणते काम आधी हाती घ्यावे?

बालवैद्य:
घराआधी मुलीविषयी सांगतो. इतके दिवस टिकलेला खोकला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावा. श्वास जोरात चालत असेल किंवा पोट उडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता घर. पत्रे आणि दर्शनी भिंत या दोन्हींचा बाळाच्या प्रकृतीशी फारसा संबंध नाही. या वयात मूल ज्या पृष्ठभागावर जगते तो म्हणजे जमीन, म्हणून माझे मत जमिनीच्या बाजूने आहे. मेक्सिकोतील कोआविला राज्यात २००० साली ‘पिसो फिर्मे’ नावाची सरकारी योजना सुरू झाली. तीत मातीच्या जमिनीच्या घरांना ५० चौरस मीटरपर्यंत सिमेंटची जमीन करून देण्यात आली. २००५ मध्ये संशोधकांनी या घरांची तुलना शेजारच्या दुरांगो राज्यातील तशाच घरांशी केली. मातीची जमीन पूर्णपणे सिमेंटची झाल्यास लहान मुलांमधील जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाषा आणि आकलनाच्या चाचण्यांतही मुले पुढे दिसली आणि आयांचा मानसिक ताण कमी झाल्याचे आढळले. यामागचे कारण साधे आहे: गोल जंतांची अंडी मातीतून हातावाटे तोंडात जातात आणि अंकुशकृमी तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनच शरीरात शिरतो व आतड्यातून रक्त शोषतो. ज्या मुलाच्या अंगात रक्तच नाही, ते खेळणार आणि शिकणार कशाच्या जोरावर?

चुलीबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली दिल्यावर बाळांच्या अंगात जाणारा धूर निम्म्याने घटला, परंतु एकूण न्यूमोनिया निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नाही. गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. हा फायदा लहान नाही. पाणी तापवण्याची चूल पडवीत हलवायला तर खर्चही नाही.

सोनकी:
डॉक्टरांच्या म्हणण्याचा आदर राखून एक शंका मांडते. आमच्याकडे पावसाळ्यात कोब्याला घाम सुटतो आणि थंडीत म्हाताऱ्या माणसांना त्यावर बसवत नाही. ताजी सारवलेली, कोरडी जमीन दिसायला आणि वावरायला स्वच्छच असते. घाण येते ती पायांबरोबर, गोठ्यातून आणि कोंबड्यांमुळे. ती वाट बंद न करता वर सिमेंट ओतून काय साधणार?

डोंगरकाठ:
सोनकीताई, आपण नेमके बोललात. आमच्या कोंबड्या रात्री माजघरातच डालग्याखाली झाकलेल्या असतात आणि सकाळी तिथेच पुतणीची गोधडी अंथरली जाते.

बालवैद्य:
मग पहिले काम कोंबड्यांचे खुराडे अंगणापलीकडे नेण्याचे, आणि ते याच आठवड्यात करावे. झिम्बाब्वेच्या खेड्यांत रांगत्या मुलांचे निरीक्षण करताना ती माती आणि कोंबडीची विष्ठा तोंडात घालताना आढळली होती. पुढे तिथेच एका मोठ्या प्रयोगात संडास, हात धुण्याची सोय, पाण्यासाठी क्लोरीन आणि बाळाला खेळण्यासाठी वेगळी जागा एवढे सगळे देऊनही ना जुलाब घटले, ना मुलांची उंची वाढली. त्यामुळे सोनकीताईंचा मुद्दा मला मान्य आहे; फक्त सारवणावर पडलेली विष्ठा पुसून निघत नाही, कोब्यावरची धुऊन निघते, एवढा फरक राहतोच. वरणभात, अंडे, भाजी यांचा पूरक आहार दिवसातून तीन-चार वेळा मिळतो की नाही, हेही वहिनींना विचारा. जंताचे औषध वर्ष पूर्ण झाल्यावर अंगणवाडीत मिळेल.

पायाभरणी:
कोब्याला घाम सुटतो याचे एक कारण बहुधा खालून चढणारी ओल हे असते. जुनी माती वीतभर उकरून मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने घट्ट ठोकावा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून मगच काँक्रीट टाकावे. शहाबादी फरशी स्वस्त मिळत असेल तर तीही चालेल, मात्र सांधे सिमेंटने नीट भरून घ्यावेत, नाहीतर घाण सांध्यांत साचते. उतार मोरीकडे द्यावा, म्हणजे जमीन रोज धुता येईल. आधी माजघर आणि स्वयंपाकघर एवढेच करावे. त्यातून पैसे उरले, तर कुडाच्या जागी विटांची भिंत घालून गोठ्याचे दार बाहेरून काढावे. पत्र्यांचा विचार सध्या सोडावा, कारण उन्हाळ्यात कौलांखाली जो गारवा मिळतो तो पत्र्याखाली मिळत नाही.

काम दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर काढावे. कोब्यावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. ओल्या सिमेंटने कोवळी कातडी भाजते, तेव्हा तेवढे दिवस पुतणीला आजोळी पाठवा.