आवर्तसारणी इलेक्ट्रॉन संरूपणावरून कशी समजावून सांगावी? सल्ला हवा आहे

प्रश्न

माझी भाची मराठी माध्यमातून दहावी होऊन आता अकरावी विज्ञान शाखेत गेली आहे. के कवचात २, एल कवचात ८ आणि एम कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हे तिने दहावीत पाठ केले होते, आणि पोटॅशियमचे संरूपण २, ८, ८, १ असते हेही. परवा तिने विचारले, की एम कवचात दहा जागा रिकाम्या असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन एन कवचात का जातो, आणि तिसरे आवर्त (सारणीतील तिसरी आडवी ओळ) आठच मूलद्रव्यांवर का संपते? मी वाणिज्य शाखेची असल्याने मला उत्तर देता आले नाही. तिला पाठ करायला आणखी एक नियम नको आहे, कारण हवे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

ताई, भाचीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझा आग्रह असा, की कवचांची कमाल क्षमता काही दिवस बाजूला ठेवावी व उपकवचांपासून, म्हणजे प्रत्येक कवचाच्या आतल्या लहान भागांपासून, सुरुवात करावी. एस उपकवचात २, पी मध्ये ६, डी मध्ये १० आणि एफ मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे, आणि हे सगळे आकडे त्या चार संख्यांच्या बेरजांतूनच येतात.

आता पोटॅशियम. एम, म्हणजे तिसऱ्या, कवचातल्या त्या दहा रिकाम्या जागा म्हणजे ३डी (तिसऱ्या कवचाचे डी उपकवच); तसेच ४एस म्हणजे चौथ्या, एन कवचाचे एस उपकवच. आतले १८ इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण बरेचसे झाकून टाकतात. मात्र ४एस मधला इलेक्ट्रॉन त्यांच्या गर्दीत शिरून काही प्रमाणात केंद्रकाच्या अगदी जवळही आढळतो, तर ३डी मधला तितका आत पोहोचत नाही. त्यामुळे पोटॅशियममध्ये ४एस ची ऊर्जा कमी ठरते, एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथे जातो आणि नवे आवर्त सुरू होते. ३डी भरायला सुरुवात होते ती स्कँडियमपासून, म्हणजे २१ व्या मूलद्रव्यापासून.

हे तिच्या हातून करून घ्या. चौकटीच्या वहीतून ३६ घरांची लांब पट्टी कापून घरांत अणुअंक व संज्ञा लिहायला सांगा. हेलियम, निऑन, अरगॉन आणि क्रिप्टॉननंतर पट्टी कापायची आणि लिथियम, सोडियम, पोटॅशियम एकाखाली एक येतील असे तुकडे मांडायचे. चौथा तुकडा दहा घरांनी लांब निघेल. वरचे दोन तुकडे बेरिलियम व बोरॉन, तसेच मॅग्नेशियम व ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये कापून उजवीकडे सरकवले, की स्कँडियम ते जस्त ही दहा घरे त्या मोकळ्या जागेखाली येतात. मोकळी जागा म्हणजेच डी-खंड, जिथे डी उपकवच भरत जाते. हे एकदा स्वतः कापून पाहिलेली मुले आवर्तसारणीचा आकार विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

वरील सल्ला उत्तम आहे. त्यात एकच भर घालतो. ४एस ची ऊर्जा नेहमीच कमी असते असे मात्र तिला सांगू नका, कारण लोखंडाचा आयन होताना आधी ४एस मधलेच दोन इलेक्ट्रॉन जातात आणि ३डी मध्ये ६ उरतात. क्रोमियम (३डी५ ४एस१, म्हणजे ३डी मध्ये ५ आणि ४एस मध्ये १ इलेक्ट्रॉन) व तांबे (३डी१० ४एस१) हे भरण्याच्या क्रमाचे अपवादही पुढे लगेच भेटतील. वाचनासाठी दहावीच्या पुस्तकातील आवर्ती वर्गीकरणाचा पाठ पुन्हा काढावा आणि सोबत मराठी विश्वकोशातील आवर्त सारणीची नोंद वाचावी.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पट्टी कापली. तिचा पुढचा प्रश्न असा, की हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस मध्ये असताना त्याला बेरिलियमच्या वर का बसवत नाहीत?

प्रतिसाद १

कारण पहिल्या कवचात पी उपकवच नसतेच, त्यामुळे दोन इलेक्ट्रॉनांनी हेलियमचे बाह्यतम कवच पूर्ण भरते. बेरिलियमच्या बाह्यतम कवचात मात्र २पी च्या सहा जागा रिकाम्या राहतात. हेलियमची पहिली आयनीभवन ऊर्जा (अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) २३७२ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक आहे, तर बेरिलियमची ९०० च्या आसपास. तिच्या पट्टीवर हेलियमचे घर उजव्या टोकाला, निऑनच्या वर सरकवा.