स्विस संगीतपेटी गाण्याच्या मध्येच अडकली आहे, शेजारी जुन्या मोटारी

पितळी_चावी:
छोट्या खासगी संग्रहालयात एकाच दालनात दोन जुन्या मोटारी आणि एक सिलिंडरवाली स्विस संगीतपेटी आहे (फिरत्या सिलिंडरवरच्या पिना पोलादी फणीचे दात छेडतात आणि सूर निघतात). पेटी गाण्याच्या मध्येच थांबलीये, चावी भरलेली आहे. वेग आवरणारा टोकाचा पंखा काढून साफ करू का? फणीच्या खर्जाच्या दातांखाली पांढरी भुकटीही दिसते. मोटारींजवळ ठेवणं बरोबर आहे का?

घड्याळप्रेमी:
पंखा काढू नका! भरलेल्या स्प्रिंगला तेवढाच लगाम आहे. पंखा किंवा त्याचा वर्म (आटेदार दांडा) सुटला की सिलिंडर सुसाट फिरतो, पिना वाकतात, फणीचे दात तुटतात. तुटलेला दात नव्याने बसवून सुरात आणणं हे फार कसबी काम आहे.

आधी स्प्रिंग उतरवा. चावी घट्ट धरून रॅचेटची क्लिक (दातेरी चाक उलटं फिरू न देणारा खटका) उचला, अर्धा फेरा सोडा, क्लिक परत बसवा; स्प्रिंग पूर्ण ढिली होईपर्यंत हेच. दांडा ओढून भरायची पेटी असेल तर हे घरी करू नका, जाणकाराकडेच द्या.

मग फणी काढा. तिच्यावरच्या बारीक स्क्रूंच्या ओळीला हात लावायचा नाही. बैठकीचे मोठे स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा ढिले करा. काही दात आत्ता पिनांवर उचललेले असणार, म्हणून घाई नको. कोणता स्क्रू कुठला हे लिहून ठेवा.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पंख्याच्या टोकांना सुकलेलं तेल. ते पुसून घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब द्या. पिनांना आणि फणीला तेल कधीच नाही: दातांखालच्या डँपरच्या (दाताचं कंपन थांबवणाऱ्या) तारा चिकटतात आणि पेटी चिरकते.

शिसं_आणि_पोलाद:
भुकटी म्हणजे शिशाचा गंज. खर्जाचे दात जड करायला खाली शिशाची वजनं लावलेली असतात. ओक लाकडाच्या आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉन सीलंटच्या आम्ल वाफांनी ती फुगतात, शेजारच्या दाताला टेकतात. भुकटी विषारी आहे; फुंकू नका, हातमोजे आणि मास्क घाला. नवीन शोकेस करताना हे दोन्ही पदार्थ टाळा.

जुनी_गाडी:
शेजारी मोटार ठेवली तरी चालेल, पण बॅटरी दालनात चार्ज करू नका. उघड्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन आणि आम्लाचे तुषार निघतात. फणीचं पोलाद गंजतं. पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करायची सवयही सोडा, कारण सायलेन्सरात आणि तेलात पाणी साचतं. चालवायचीच तर बाहेर रस्त्यावर, २०-३० मिनिटं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांनी भागत नाही, डीह्युमिडिफायर लागतोच.

पितळी_चावी:
दुरुस्तीनंतर दोन गाणी एकत्र वाजली तर?

घड्याळप्रेमी:
म्हणजे गाणं बदलताना सिलिंडर बाजूला पूर्ण सरकला नाही. त्याच्या टोकाचं पायऱ्यांचं चाक तपासा. गाणं बदलायचा खटका मात्र गाणं संपल्यावरच दाबा; मध्येच दाबलात तर पिना दातांना बाजूने धडकतात.