नेटवर्क बूस्टर दुकानात विकायला ठेवावा का?

मोबाइलवाला_धारणी:
रिचार्ज-रिपेरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक एकच मागतात: घरात रेंज नाही, बूस्टर द्या. छतावर अँटिना, घरात डबी, मध्ये केबल. एक होलसेलवाला माल द्यायला तयार आहे, फक्त बिल 'सीसीटीव्ही सामान' म्हणून फाडतो. लोकांची नड खरी आहे. लाडकी बहीण, पीएम-किसान, ई-पीक पाहणी, सगळं ओटीपीवर अडतं, आणि तो येईपर्यंत मुदत संपलेली असते. माझ्या मते विकायला हरकत नसावी.

वकील_अमरावती:
बिलावर दुसरं नाव टाकावं लागतं म्हणजे विकणाऱ्यालाही माहीत आहे. दूरसंचार विभागानं जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं: परवानाधारक मोबाइल कंपन्यांशिवाय कोणीही बूस्टर किंवा रिपीटर (त्याचंच दुसरं नाव) बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदा. १८८५ च्या तार आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यांपासूनच ही अट आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगल्यास पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत, पुढे दर वेळी २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या दुकानाचं महिन्याचं गल्ला-गणित तुम्हीच करा.

कास्तकार_झरी:
काहून बापा? शहरात मॉलच्या तळघरात रेंज कायनं येते? तिथं कंपनी सोता येऊन मशीन लावून देते. आमच्या पोडावर, या लहान वस्तीवर, कोण येते? अमेरिकेत माणूस दुकानातून बूस्टर घेते, कंपनीकडे नाव नोंदवते, झालं. आमाले मात्र दंड! सातबारा ऑनलाइन करायचा आन् रेंज द्यायची नाई.

टॉवर_तंत्रज्ञ:
अमेरिकेचं अर्धंच सांगितलं, दादा. तिथल्या २०१३ च्या नियमांप्रमाणे यंत्र मान्यताप्राप्त लागतं आणि गडबड झाली की त्यानं स्वतःहून सिग्नलचा जोर कमी करायचा किंवा बंद पडायचं, अशी अट आहे. आपल्याकडच्या बेनामी डब्यात तसं काही नसतं.

गडबड म्हणजे काय? छतावरची आणि घरातली अँटिना जवळजवळ असल्या की यंत्र स्वतःचाच सिग्नल पुन्हा ओढून वाढवत बसतं. लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यावर शिट्टी वाजते ना, तसं. आपल्या एक मजली टिनाच्या घरात दोन अँटिना लांब ठेवायच्या कुठं? ती शिट्टी टॉवरच्या कानात जाते आणि त्या टॉवरवरच्या साऱ्या गावांचे कॉल तुटतात. यंत्र एका घरात, त्रास सगळ्यांना. आमची माणसं मग मीटर घेऊन गल्लीगल्ली फिरतात.

आणि छतावरच रेंज नसेल तर बूस्टर वाढवणार काय? शून्याचं शून्यच. छतावर दोन कांड्या आहेत पण टिनाखाली काहीच नाही, अशा घरातच तो चालतो.

मोबाइलवाला_धारणी:
मग गिऱ्हाईकाला नाही म्हणून हाकलू? तो ऑनलाइन मागवेल.

टॉवर_तंत्रज्ञ:
मान्यताप्राप्त सिमवाला राऊटर ठेवा, बाहेर अँटिना लावायची सोय असलेला. तो सिग्नल वाढवून परत फेकत नाही, मोबाइलसारखा फक्त वापरतो. घरात वायफाय, त्यावर वायफाय कॉलिंग, म्हणजे मोबाइलच्या रेंजऐवजी वायफायवरून फोन. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये, जिओनं जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. हँडसेट आणि सिम दोन्हीला ती सोय आहे का, ते विकण्याआधी तपासा.

कास्तकार_झरी:
त्याले महिन्याचा रिचार्ज येगळा, आन् लाइन गेली का राऊटर बी गेला. बूस्टरले बी लाइन लागते म्हणा, ते खरं हाय.

वकील_अमरावती:
टॉवरविना राहिलेल्या गावांसाठी केंद्रानं जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची फोर-जी योजना मंजूर केली, २४,६८० गावं धरून. तुमचं गाव यादीत आहे का बघा, आणि ग्रामसभेचा ठराव पाठवा.

कास्तकार_झरी:
बाजूच्या गावात टॉवर उभा हाय ताई, डब्यात बॅटरीच नाई. ठराव टॉवरचा घेऊ का बॅटरीचा?

मोबाइलवाला_धारणी:
राऊटर दोन-चार मागवून पाहतो. बूस्टरला नाही म्हटलं होलसेलवाल्याला. पण अमेरिकेसारखी नोंदणी करून मान्यताप्राप्त मशीन विकायची परवानगी आपल्याकडे मिळायला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

टॉवर_तंत्रज्ञ:
मिळाली तरी टिनाच्या घरात बसवायला माणूस शिकलेला लागेल. तो खर्च गिऱ्हाईक देईल का?