मदत हवी आहे: चाकाचे नट निघत नाहीत, उद्या पहाटे वणीला जायचंय

पाथर्डीफाटा_७ | शनिवार, संध्या. ६:१०
मंडळी, घाईत लिहितोय. पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायला घेतलेत. गॅरेजवाल्याने अडीच हजार सांगितले, पॅड बाहेर नऊशेला मिळाले. व्हिडिओ चार वेळा बघितला. पण चाकाचे नटच सुटत नाहीत, पाना लावला की अख्खं चाक गरगर फिरतं. उद्या पहाटे पाचला आईबाबांना घेऊन वणीला, सप्तशृंगी देवीच्या दर्शनाला निघायचंय. पटकन सांगा.

नटबोल्ट | ६:१६
गंज धरला असणार. स्प्रे मारा, पंधरा मिनिटं थांबा, मग पान्याच्या दांड्यात तीन फुटी पाइप घाला आणि लटका. मागच्या पावसाळ्यात माझे असेच निघाले.

अंबडचा फिटर | ६:१९
स्प्रे जपून मारा. तेलकट फवारा डिस्कवर उडाला तर ब्रेक लागणारच नाहीत. आणि लटकण्याआधी गाडी कुठल्या अवस्थेत आहे ते कळू द्या.

गोदाकाठी | ६:२१
गाडी कोणती? चाक फिरतंय म्हणजे तुम्ही ती आधीच जॅकवर उचलली आहे का?

भटका जोगी | ६:२२
वणीला दिंडोरीवरून जा. नांदुरीला चहा घ्या, पुढे घाट आहे. आईबाबांना पायऱ्या झेपत नसतील तर वर ट्रॉली आहे. रविवारी गर्दी असते, जितक्या लवकर निघाल तितकं बरं.

पाथर्डीफाटा_७ | ६:२६
वॅगन आर, २०१२, सीएनजी. हो, उचललीये. चाक काढायचं तर उचलायला नको का? चाक फिरू नये म्हणून मेव्हण्याला आत ब्रेक दाबून बसवलाय, तरी थोडं सरकतंच. @भटका जोगी, आधी गाडी तर निघू द्या.

अंबडचा फिटर | ६:२८
सगळं थांबवा. पाहुण्यांना आधी बाहेर काढा. जॅकवरच्या गाडीत कुणीही बसायचं नाही, हलायचं नाही, दार आपटायचं नाही.

नट सुटत नाहीत याचं कारण गंज नाही, क्रम चुकलाय. चाक जमिनीवर असताना नट अर्धा-पाऊण आटा ढिले करायचे, मग उचलायचं. जमीनच चाक धरून ठेवते. उचललेल्या गाडीवर पाइप लावून जोर काढला तर तो जोर जॅकला आडवा लागतो. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक आडव्या धक्क्याला काही कामाचा नाही, सरळ कलंडतो.

नटबोल्ट | ६:३१
मी जमिनीवरच गृहीत धरलं होतं, उचललीये हे कुठं लिहिलं होतं?

गोदाकाठी | ६:३१
म्हणूनच विचारलं ना.

आता हे सांगा: जमीन सपाट आहे का? जॅक नेमका कुठे लावलाय? मागच्या चाकांना दगड आहेत का? हँडब्रेक?

पाथर्डीफाटा_७ | ६:३७
अहो किती प्रश्न. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे, रॅम्पच्या तोंडाशी, कारण आत उजेड नाही. थोडा उतार आहे, जास्त नाही. हँडब्रेक आहे. गियरमध्ये पण आहे. जॅक खाली सपाट पत्रा दिसला तिथे लावला. आणि जॅक घसरला तरी चिंता नाही, शेजारी दोन विटा ठेवल्यात. मेव्हणा एसी लावून बसला होता, उतरवला.

गोदाकाठी | ६:३९
एसी लावून?? म्हणजे इंजिन चालू होतं?

अंबडचा फिटर | ६:४५
हा माणूस आज आम्हाला घाम फोडणार.

इंजिन बंद करा, चावी खिशात घाला. पार्किंगमध्ये तीन बाजूंनी भिंती असतील तर धूर आतच राहतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, आणि माणसाला वाटतं आपण दमलोय. वर चालू इंजिनची थरथर जॅकला मिळते ती वेगळीच.

गियरचं म्हणाल तर तुमच्या गाडीला पुढची चाकं ओढतात. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गियर) ते मोकळं फिरतं आणि गियर गाडीला धरत नाही. चाक गरगर फिरत होतं ते त्यामुळेच. मग उतारावर तुमची आठ-नऊशे किलोची गाडी धरून आहे फक्त मागचा हँडब्रेक. तो २०१२ पासून कितीदा ताणून घेतलाय?

पत्र्यावर जॅक लावायचा नाही. दाराखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे, दोन खाचा असतात. जॅकचं डोकं त्या खाचांमध्येच बसायला हवं. मधला पत्रा वाकतो आणि गाडी हळूच खाली येते.

जुना मुरब्बी | ६:५०
एवढं घाबरवू नका हो पोराला. आम्ही ७८ सालापासून फियाट विटांवर चढवून खालून सायलेन्सर बदलले. काही झालं नाही. आजकाल सगळ्यांना घोडी (गाडी टेकवायचा स्टँड) पाहिजे, हातमोजे पाहिजेत, चष्मा पाहिजे.

अंबडचा फिटर | ६:५४
काका, तुम्ही वाचलात म्हणून वीट मजबूत ठरत नाही. वीट भिंतीत चांगली, तिथं वजन सारखं पसरतं. गाडीची लोखंडी कड एका रेषेत टेकली की ती आधी कण्हत नाही, थेट फुटते. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. माझ्या चुलतभावाच्या दोन बोटांवर डिस्क आली होती, वीट होती तरी. बोटं राहिली, नखं गेली.

घोडी नसेल तर स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. काढलेलं चाकही त्यावर टाका. जॅक सुटलाच तर गाडी रिमवर बसेल, माणसावर नाही. आणि तेवढ्यावर विसंबूनही गाडीखाली शिरायचं नाही. पॅड बदलायला शिरावं लागतही नाही, सगळं बाजूने होतं.

जुना मुरब्बी | ६:५७
ओंडका चालतो. सागाचा.

अंबडचा फिटर | ६:५८
अखंड रुंद ओंडका असेल तर विटेपेक्षा शंभर पटीने बरा, मान्य.

नाशिकरोडचा राजा | ७:०३
सीएनजी आहे म्हणालात म्हणून सांगतो, सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी करावी लागते. पाटीवर तारीख बघा. बहुतेक लोक विसरतात.

नटबोल्ट | ७:०४
बरोबर आहे, पण आत्ता त्याचं काय?

पाथर्डीफाटा_७ | ७:०६
बंद केलं सगळं. आता खाली कशी उतरवू? विटा अडकल्यात.

अंबडचा फिटर | ७:१२
हात खाली घालू नका. मागच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावा, ठोकून घट्ट करा. जॅक एक-दोन फेरे वर घ्या, गाडी कुरकुरली किंवा झुकली तर मागे सरा. विटा झाडूच्या दांड्याने ढकलून काढा. मग हळूहळू खाली. लहान मुलं आसपास असतील तर घरी पाठवा, तुम्हाला पाने द्यायला कोण आहे?

पाथर्डीफाटा_७ | ७:१३
मुलगा. ९ वर्षांचा. पाठवतो.

गोदाकाठी | ७:१४
🙏

पाथर्डीफाटा_७ | ८:०५
उतरली. रॅम्पवरून काढून आत सपाटीला घेतली, टॉर्च बांधला. जमिनीवर असताना चारही नट दोन मिनिटांत ढिले झाले, पाइपसुद्धा लागला नाही. खाच सापडली. स्टेपनी खाली आहे, दगड आहेत. एका बाजूचे पॅड बसले. कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दट्ट्या मागे ढकलताना वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीतून ऑइल सांडलं, रंगावर पडलं, पुसलं.

अंबडचा फिटर | ८:०९
नुसतं पुसून भागत नाही, पाणी ओता. ब्रेक ऑइल रंग खातं. डबीत जास्त झालंय तेवढं काढा. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. आणि आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

पाथर्डीफाटा_७ | ९:३५
दोन्ही बाजू झाल्या. नट घट्ट केले. गाडी सुरू करून पेडल दाबलं तर थेट तळाला गेलं!! ब्रेकच नाही. काय बिघडवलं मी?

नटबोल्ट | ९:३६
हवा शिरली. चारही चाकांचं ब्लीडिंग करा, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढा.

अंबडचा फिटर | ९:३८
ब्रेकचा पाइप किंवा निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडलं होतं का? नसेल तर हवा शिरायला जागा नाही. दट्ट्या मागे ढकलला ना, तो पुढे यायला जागा भरावी लागते. गाडी हलवू नका. जागेवरच पेडल हळूहळू पंप करा, दहा-पंधरा वेळा, कडक होईपर्यंत. मग डबीतली पातळी बघा. हे न करता रिव्हर्स टाकला असतात तर भिंतीनेच थांबवलं असतं.

पाथर्डीफाटा_७ | ९:४४
झालं कडक! बाराव्या दाबाला. जीव भांड्यात पडला. सोसायटीत दोन चकरा मारल्या, थांबतेय. थोडा घासल्याचा आवाज येतोय.

अंबडचा फिटर | ९:५०
नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो, रिकाम्या रस्त्यावर हळू-हळू ब्रेक लावत चालवा. नट उद्या सकाळी पुन्हा एकदा तपासा. पण पहिल्याच दिवशी पाच माणसं भरून नांदुरीचा घाट? मी नसतो गेलो. आणि जाणारच असाल तर उतरताना दुसऱ्या गियरमध्ये इंजिनवर सोडा, सारखा पाय ब्रेकवर ठेवू नका. वास आला की थांबा.

जुना मुरब्बी | ९:५३
हे मात्र खरं. घाटात ब्रेक तापले की कुणाचाच उपयोग नाही.

भटका जोगी | ९:५५
मग पुढच्या रविवारी जा. देवी कुठं पळून जातेय?

पाथर्डीफाटा_७ | १०:२०
बाबांना सांगितलं. उद्या मेव्हण्याच्या गाडीने जातोय. तो म्हणतोय, आजचा एसी वसूल करतो.

नाशिकरोडचा राजा | रविवार, सकाळी ७:४१
एक विचारायचं होतं, माझ्या स्कूटरचं मागचं टायर घरी काढता येईल का? डबल स्टँडवर लावलीये.

गोदाकाठी | ७:५०
नवीन धागा काढा. आणि आधी सांगा, कुठल्या जमिनीवर लावलीये?