फॅमिली सोबत असेल तर लहान खोली चालेल पण हॉटेल मध्यवर्ती भागातच घ्यावं, तुमचं मत काय?

पायपीट
दर ट्रिपच्या आधी आमच्या घरात यावरून वाद होतो म्हणून इथे मांडतोय. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, आई (७१, गुडघे दुखतात), मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची. माझं मत आता पक्कं झालंय. पैसे कमी असतील तर खोली लहान घ्या, जुनं हॉटेल घ्या, ब्रेकफास्ट सोडून द्या, पण एरिया सोडू नका.

मागच्या वेळी उलटं केलं होतं. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ मोठी खोली, स्विमिंग पूल, भाडं मध्यवर्ती भागाच्या जवळजवळ निम्मं. बुकिंग करताना लिहिलं होतं सेंटरपासून ९ किमी, मला वाटलं ९ किमी म्हणजे काय, मेट्रो आहेच की. पण तो आकडा नकाशावर सरळ रेघ मारून काढलेला असतो, आपण काही सरळ रेघेत जात नाही. मेट्रो ३५ मिनिटं, स्टेशनपासून हॉटेल १५ मिनिटं आणि तेही फ्लायओव्हरच्या बाजूने, फूटपाथ मध्येच संपणारा. दाराबाहेर पडल्यापासून पहिलं ठिकाण दिसेपर्यंत एक तास. मुलगी दुपारी झोपते, तिला खोलीवर आणणं शक्यच नव्हतं, ती माझ्या खांद्यावर झोपायची आणि चारच्या सुमाराला रडत उठायची, मग पुढचं काही बघणं व्हायचंच नाही. तिसऱ्या रात्री पाऊस होता, पावणेदहाला परत येताना आई एका दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू. तिला तिथे एकटी कशी सोडणार? आम्ही सगळेच भिजत उभे राहिलो. पूलमध्ये चार दिवसांत मुलं एकदाच उतरली.

खिडकीतलं_झाड
आईंचं वाचून वाईट वाटलं, पण मी असहमत आहे. चूक लांबच्या एरियाची नव्हती, स्टेशनपासून १५ मिनिटं लांब असलेल्या हॉटेलची होती. आम्ही गेली सहा-सात वर्षं मुद्दाम सेंटरपासून पाच-सहा स्टेशनं बाहेर, जिथे लोक खरोखर राहतात अशा भागात उतरतो, अट एकच की स्टेशनचं दार दिसलं पाहिजे.

मध्यवर्ती भागातली स्वस्त खोली काय असते तेही सांगते. दोन बेड टाकले की बॅग उघडायला जमीन उरत नाही. आमचा धाकटा साडेआठला झोपायचा, दिवा लावला की उठायचा, म्हणून नवरा आणि मी बाथरूमच्या दारात टॉवेल घालून बसायचो आणि कुजबुजत उद्याचं ठरवायचो, सलग चार रात्री. खाली बार होता, शुक्रवार-शनिवार दोन वाजेपर्यंत खुर्च्या ओढल्याचे आवाज. दिवसभर चालून आलेल्या मुलांना रात्री झोप मिळाली नाही तर दुसरा दिवस गेलाच समजा, मग हॉटेल कितीही जवळ असो. राहत्या भागात रात्री शांत असतं, मेडिकल असतं, बाग असते. आमची मुलं संध्याकाळी बागेत भाषा येत नसताना दीड तास खेळली, ती ट्रिपची सगळ्यात चांगली आठवण आहे त्यांची.

पायपीट
झोपेचा मुद्दा मान्य, एकदम मान्य. पण वेळेचा हिशोब करा ना. तुमचं स्टेशन दारात असलं तरी एका बाजूला ४० मिनिटं धरा. सकाळी जाणं, दुपारी झोपेला येणं, परत जाणं, रात्री येणं, या चार फेऱ्या म्हणजे दिवसाला २ तास ४० मिनिटं. चार दिवसांत साडेदहा तासांच्या वर, म्हणजे अख्खा एक दिवस गाडीत. आणि दुपारची फेरी टाळली तर माझ्या मुलीचं झालं तेच होणार. शिवाय पाच जण एका साध्या टॅक्सीत बसत नाहीत, दोन कराव्या लागतात नाहीतर मोठी मागवावी लागते. दोन-तीनदा असं झालं की खोलीत वाचवलेले पैसे तिथेच गेले.

खिडकीतलं_झाड
दुपारी खोलीवर यायलाच हवं हे तुम्ही धरून चाललाय. आम्ही दिवस आलटूनपालटून ठेवतो, एक दिवस लांबचा आणि पुढचा दिवस एरियातच निवांत. सगळं बघायचंच असेल तर तुमचं बरोबर, पण ४ वर्षांच्या मुलीला सगळं बघायचं नसतं, ते आपल्याला बघायचं असतं.

रविवारचा_प्रवासी
तुम्ही दोघं एक तिसरा पर्याय विसरताय, ऑफिसांचा भाग. तिथली हॉटेलं सोमवार ते गुरुवार कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, शुक्रवारपासून खोल्या रिकाम्या आणि भाडं उतरतं. ब्रसेल्सला युरोपियन युनियनच्या कचेऱ्या आहेत त्या भागात किंवा पॅरिसजवळच्या ला देफान्समध्ये हे हमखास दिसतं. खोल्या बऱ्या असतात, लिफ्ट असते, मेट्रो खाली असते. पण रविवारी जेवायचे पर्याय फार कमी, बहुतेक शटर बंद, संध्याकाळी रस्त्यावर माणूस नाही. म्हणून शुक्रवार-शनिवार तिथे काढा आणि मंगळवारी चुकूनही जाऊ नका.

गुडघे_सांभाळा
माझ्या सासूबाई ७६ च्या आहेत म्हणून कळकळीने लिहिते. जवळ की लांब यावर भांडण्याआधी पायऱ्या मोजा. लंडनची मेट्रो १८६३ ची, पॅरिसची १९०० ची, त्यातल्या कित्येक जुन्या स्टेशनांत रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत लिफ्टच नाही. त्याच पॅरिसमधली १४ नंबरची लाइन १९९८ ला सुरू झाली, तिच्या स्टेशनांना लिफ्ट आहेत. दुबईची मेट्रो २००९ ची, तिथेही सोय आहे. म्हणजे मध्यवर्ती पण जुन्या लाइनवरचं हॉटेल आणि लांबचं पण नव्या लाइनवरचं हॉटेल, यात म्हाताऱ्या माणसाला दुसरं जवळ पडतं! मेट्रोच्या नकाशावर स्टेशनच्या नावाजवळ व्हीलचेअरचं चिन्ह आहे का ते बघा, मी आता हॉटेलच्या आधी तेच बघते.

आणि चढ. लिस्बनच्या आल्फामा भागात नकाशावर ४०० मीटर दिसतं पण अर्ध्या पायऱ्या असतात. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत एकदा बोटाने चालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पायपीट
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी फक्त अंतर बघत होतो. माझ्या मताला यामुळे धक्का बसलाय हे कबूल करतो.

स्टेशनसमोर
मोठ्या रेल्वे स्टेशनजवळ राहण्याबद्दल कोणी बोललं नाही. सामान घेऊन उतरलं की पोचलो, एअरपोर्टची गाडी तिथूनच, बजेट हॉटेलं भरपूर. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि आपण सकाळी सातला पोचतो तेव्हा बॅगा टाकून लगेच फिरायला निघता येतं, लांबच्या हॉटेलात तोच अर्धा दिवस वाया जातो.

गुडघे_सांभाळा
स्टेशनची कुठली बाजू ते महत्त्वाचं. एका बाजूला चौक आणि उजेड, मागच्या बाजूला गोडाऊन आणि सुनसान गल्ली, दोन्हीकडच्या हॉटेलांच्या नावात मात्र स्टेशन. रिव्ह्यू वाचताना मार्क बघू नका, आत "रात्री", "आवाज", "लिफ्ट", "लहान मुलं" हे शब्द शोधा आणि वर्षभरातलेच वाचा.

खिडकीतलं_झाड
अजून एक, हे माझ्याच मताच्या विरोधात जातं पण सांगते. शेवटची गाडी बघा. टोकियोत साधारण मध्यरात्री ते एकच्या दरम्यान गाड्या बंद होतात त्या पाचच्या सुमारालाच सुरू होतात. लंडनला २०१६ पासून रात्रभर मेट्रो आहे पण काही ठरावीक लाइनवरच आणि फक्त शुक्रवार-शनिवार. गूगल मॅपमध्ये निघण्याची वेळ बदलता येते, तिथे रविवार रात्री साडेनऊ टाकून बघा. दुपारी दर चार मिनिटांनी येणारी गाडी रात्री वीस मिनिटांनी असेल तर झोपलेलं पोर कडेवर घेऊन ती वीस मिनिटं फार मोठी असतात.

पायपीट
सगळं वाचून बायकोसोबत बसलो. सेंटरपासून तीन स्टेशनं बाहेर, नव्या लाइनवर, दाराशी लिफ्टवालं स्टेशन असं एक सापडलंय. २० मिनिटं एका बाजूला, म्हणजे दुपारी मुलीला आणता येईल. सेंटरला राहण्याचा हट्ट सोडला, पण तीनच्या पुढे एक स्टेशनही जाणार नाही. दोन खोल्या घेतोय, आई आणि मुलगा एकीत.

खिडकीतलं_झाड
छान. फक्त दोन खोल्या शेजारी म्हणजे मधून दार असलेल्या असं समजू नका, शेजारच्या वेगळ्या आणि कनेक्टिंग वेगळ्या. हॉटेलला मेल करून मधलं दार आहे का ते लेखी घ्या. आम्हाला एकदा दुसरी खोली दोन मजले वर मिळाली होती आणि रात्रभर मी जिन्यातून ये-जा करत होते.

पायपीट
मेल आत्ताच टाकला. लिफ्ट चालू आहे का तेही विचारलंय.